प्रीतिभोजन : एका ‘न’ची कुळकथा

लग्नाची पत्रिका हातात आली की मी मुहूर्त नंतर पाहतो, आधी जेवणाचा शब्द पाहतो. पुण्याकडच्या पत्रिकेत ‘स्नेहभोजन’ असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बाभुळगावाकडे हिंदीचं वारं जास्त, त्यामुळे पुष्कळदा ‘प्रीतिभोज’ येतं. आणि ख्रिस्ती मंडळीकडून आमंत्रण आलं, मग ते नाताळचं असो की उपासनामंदिराच्या वर्धापनदिनाचं, तर खाली शेवटच्या ओळीत असतं ‘प्रीतिभोजन’. फरक एका ‘न’चा. बरीच वर्षं मी हे दोन शब्द सख्खे भाऊ समजत होतो. आता माझी खात्री झाली आहे की ते चुलत भाऊसुद्धा नाहीत. फार तर एका गावचे म्हणता येतील.

पत्रिकेवरचा ‘प्रीतिभोज’ म्हणजे स्वागतसमारंभाचं जेवण. मंडळीतलं ‘प्रीतिभोजन’ हे एका ग्रीक शब्दाचं मराठी रूप आहे. तो शब्द ‘अगापे’. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक एकत्र जमून जे जेवण करत, त्याला ते सरळ ‘अगापे’ म्हणत, म्हणजे ‘प्रीती’. भोजन हा शब्द जोडायची त्यांना गरजच वाटली नाही. नव्या करारात यहूदाच्या छोट्याशा पत्रात हा शब्द अनेकवचनात येतो, आणि मराठी बायबलने तिथे ‘प्रीतिभोजन’ घातलं आहे.

याच घरातला दुसरा शब्द ‘फिलादेल्फिया’, मराठीत ‘बंधुप्रेम’. ग्रीकांकडे याचा अर्थ होता सख्ख्या भावंडांची माया. पेर्गामचा राजा दुसरा अत्तालस भावाशी एकनिष्ठ राहिला म्हणून त्याला ‘फिलादेल्फस’ म्हणत, आणि आशिया मायनरमधलं फिलदेल्फिया शहर त्याच्याच बिरुदावरून ओळखलं जाऊ लागलं. ख्रिस्ती लोकांनी हा रक्ताचा शब्द उचलला आणि ज्याच्याशी रक्ताचं काही नातं नाही अशा सहविश्वासी माणसाला लावला. दुसऱ्या शतकातला लेखक लुकियान याने त्यावरून त्यांची टर उडवली: कुणीतरी यांच्या डोक्यात भरवलंय की हे सगळे एकमेकांचे भाऊ आहेत! आजही आमच्याकडे उपासनेनंतर हात हातात घेऊन ‘ब्रदर, जय ख्रिस्त’ म्हणतात, ती त्या टरेला मिळालेली जुनी पावती आहे.

मराठी अनुवादकांनी ‘अगापे’ला प्रीती आणि ‘फिलादेल्फिया’ला बंधुप्रेम अशी वाटणी केली. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात सद्गुणांची एक शिडी आहे. तिथे बंधुप्रेमावर प्रीतीची भर घालायला सांगितलं आहे. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला असता तर ती पायरीच दिसली नसती. ही निवड करणाऱ्याचा कान तयार होता, एवढं नक्की.

आता मुद्द्यावर येतो. ‘प्रीतिभोजन’ या शब्दाचा धागा मला सापडला तो बायबलात नाही, महाभारतात. एका उन्हाळ्यात उद्योगपर्व वाचत होतो. कृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरात आलेला आहे, दुर्योधन जेवायला बोलावतो, आणि कृष्ण नकार देतो. कारण काय देतो? अन्न दोनच कारणांनी खावं: एक तर प्रीतीपोटी, नाहीतर संकटात सापडल्यावर. तुझी माझ्यावर प्रीती नाही आणि मी संकटात नाही. तिथे संस्कृतात जो सामासिक शब्द आहे तो ‘संप्रीतिभोज्य’. मी पुस्तक मिटून बसलो. प्रीती आणि भोजन एका शब्दात, आणि अर्थही तोच: ज्या घरी प्रीती नाही तिथलं जेवण हे जेवण नव्हे. पुढे कृष्ण गेला विदुराकडे, दासीच्या मुलाकडे. त्या घरच्या कण्या मराठी माणसाला कुणी सांगाव्या लागत नाहीत.

माझं म्हणणं असं: ‘प्रीतिभोजन’ हा शब्द इंग्रजी ‘लव्ह-फीस्ट’वरून शब्दाला शब्द ठेवून घडलेला नाही. तो घडवणाऱ्या पंडिताच्या कानात उद्योगपर्व होतं.

याविरुद्ध दोन मतं मला ऐकवली गेली. पहिलं असं की शब्द बंगालातून आला. मिशनरी विल्यम केरीची श्रीरामपूरची छपाई बंगालातली, मराठी नवा करार पहिल्यांदा तिथेच १८११ मध्ये छापला गेला, आणि बंगाली लग्नपत्रिकेवर आजही ‘प्रीतिभोज’ असतं. मत वजनदार आहे. पण बंगाली बायबलात यहूदाच्या पत्रात त्याच जागी ‘प्रेमभोज’ आहे. हिंदी बायबलात तर ‘प्रेम सभा’ आहे, जेवणच गायब! शब्द बंगालातून आला असता तर ‘प्रेम’ घेऊन आला असता. मराठीने ‘प्रीती’ धरली ती स्वतःच्या हिशेबाने.

दुसरं मत असं की मिशनरी सांगत आणि पंडित नुसते लिहून घेत, त्यात कान कसला. हे मला मुळीच पटत नाही. केरीला मराठीत मदत करणारे वैजनाथ पंडित. त्यांना नागपूरकडचे मानतात, म्हणजे आमच्या विदर्भातले. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ मध्ये सिंहासन बत्तिशी आणि १८१५ मध्ये हितोपदेश मराठीत निघाले, ते याच वर्तुळातून. संस्कृत कथा ज्यांच्या जिभेवर होत्या ती माणसं अनुवादाला बसली होती. अशा माणसाला प्रीती आणि जेवण जोडून सांगितलं तर हस्तिनापूर आठवणार नाही? मला तरी ते अशक्य वाटतं. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या आवृत्त्यांतही शास्त्री-पंडितांचाच हात होता.

या जेवणाच्या प्रवासातले बाकीचे टप्पे एका दमात सांगतो. करिंथ इथे श्रीमंत लोक आधी येऊन खात आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्या मंडळीला खरमरीत सुनावलं. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या परिषदेने उपासनामंदिरात अशी जेवणं करायला बंदी घातली. १७२७ मध्ये जर्मनीत हेर्नहुट इथल्या मोरेव्हियन मंडळीने ती प्रथा पुन्हा उचलली. १७३७ मध्ये जॉन वेस्लीने ती अमेरिकेत सॅव्हाना इथे पाहिली आणि मेथडिस्टांत आणली: साधी पोळी, पाणी आणि प्रत्येकाची साक्ष.

पण करिंथपाशी मला थोडं थांबू द्या. पौलाने ज्याला तोंड फोडलं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. ग्रीकात तो समजवायला परिच्छेद लागतो, मराठीत एका शब्दात येतो, कारण आपण तो जगलो आहोत. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात कुणी ख्रिस्ती झालं की पहिला प्रश्न श्रद्धेचा नसे. प्रश्न असे, कुणाबरोबर जेवलास? १८४३ मध्ये मुंबईत श्रीपाद शेषाद्री या मुलाचं प्रकरण गाजलं. तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, आणि त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर शहर दुभंगलं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. १८४९ च्या, जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत तर दीक्षाच अशी होती की ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. अहमदनगरच्या मंडळीत हरिपंत खिस्ती हे ब्राह्मण घरातून आलेले पाळक, आणि बसणारे बहुतेक महार समाजातून आलेले. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं लक्ष्मीबाईंनी सोवळं आणि वेगळी चूल सांभाळत काढली. पाच वर्षांचं अंतर हे चुलीचं अंतर होतं.

म्हणून सहविश्वासी माणसावर प्रीती करणं हे कर्तव्य आहे असं मंडळीत सांगतात, तेव्हा मराठी कानाला ते भावनेचं बोलणं वाटत नाही. कोण कुणाशेजारी बसणार, कोण वाढणार, पहिली पंगत कुणाची, हे त्यात येतं. आणि खरं सांगायचं तर मंडळ्यांतही जुन्या जातीच्या रेषा पुष्कळ ठिकाणी पंगतीत आणि सोयरिकीत टिकल्या. ते झाकून ही कुळकथा सांगता येणार नाही.

यवतमाळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे मिशन आलं ते फ्री मेथडिस्ट. ‘फ्री’ म्हणजे काय, हे मी जिल्ह्यातल्या बऱ्याच लोकांना विचारलं. बहुतेक म्हणाले, पापापासून मुक्त. तेही आहे. पण १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात बी. टी. रॉबर्ट्स यांनी ही मंडळी उभी केली तेव्हा एक मोठं भांडण बाकांचं होतं. मोठ्या चर्चमध्ये पुढची बाकं पैसे भरून घराण्यांच्या नावावर होत आणि गरिबाला मागे उभं राहावं लागे. ‘फ्री’ म्हणजे बाकाला भाडं नाही, कुणीही कुठेही बसावं. शिवाय गुलामगिरीला त्यांचा विरोध होता.

आता जुळवा. कृष्णाने नाकारलेलं ताट, करिंथची पंगत, अमेरिकेतलं भाड्याचं बाक आणि आमच्याकडची वेगळी चूल. यवतमाळात येऊन पोचलेली मंडळी नेमकी तीच, जिचा जन्म बसण्याच्या भेदावरून झाला. आणि त्या मंडळीच्या जेवणाला जो मराठी शब्द मिळाला, त्याच्या पोटात आधीपासूनच ‘प्रीती नसेल तर जेवू नये’ ही अट होती. अनुवादात असं क्वचित जुळतं.

मागच्या नाताळला बाभुळगावजवळच्या एका मंडळीत मी प्रीतिभोजनाला बसलो होतो. जमिनीवर सतरंजी, एकच रांग. पाळकसाहेब बादली घेऊन वाढत होते: आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी. पाळकबाई शेवटच्या माणसाजवळ जाऊन विचारत होत्या, ‘काकाजी, आणखी वाढू का?’

तुमच्या घरी, ट्रंकेत किंवा जुन्या बायबलाच्या पानांत, ‘प्रीतिभोजन’ छापलेली एखादी जुनी पत्रिका, वार्षिक सभेचा कागद किंवा मंडळीचा दाखला असेल, तर टाकून देऊ नका. त्यावरची तारीख आणि गाव वहीत उतरवून ठेवा. वैजनाथ पंडितांच्या माझ्या तर्काला खोडणारं काही निघालं, तर तेही मला हवं आहे.