अभ्यासाच्या नावाने घरात आलेले खेळ

यंदा ईदला सांगलीला आपाकडे गेलो होतो. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवायच्या आत भाच्याने मोबाईल पुढे केला. "मामू, यातलं काय घेऊ?" एकीकडे प्लेस्टेशन, दुसरीकडे हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी. तीन वर्षांची ईदी आणि कॉलेज सांभाळून केलेल्या कामाचे पैसे त्याने साठवले होते. आपा स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिचा प्रश्न वेगळा होता: "ये पढाई का हाय क्या?"

मी साताऱ्यात उर्दू आणि मराठी शिकवतो, गेमिंगचा जाणकार नाही. पण आपाचा प्रश्न ऐकला आणि जाणवले, की कन्सोल बरा की कॉम्प्युटर हा वाद आमच्याकडे नेहमी याच प्रश्नावर सुटला आहे.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने जपानमध्ये जे यंत्र विकायला आणले, त्याचे नाव होते 'फॅमिली कॉम्प्युटर', थोडक्यात फॅमिकॉम. होता तो खेळायचा डबा. पण कंपनीने त्याला कॉम्प्युटर म्हटले, आणि पुढच्या वर्षी बेसिक भाषा शिकण्यासाठी त्याला जोडायचा कीबोर्डही काढला. याच्या उलट उदाहरण ब्रिटनच्या स्पेक्ट्रमचे. तो खराखुरा कॉम्प्युटर. डेसिबेल्स या कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा. जगभरच्या पोरांनी त्यावर मुख्यतः खेळच खेळले. म्हणजे दोन्ही यंत्रे एकमेकांचे कपडे घालून फिरत होती.

मी मिरजेत वाढलो. आमच्यापर्यंत अस्सल निन्टेन्डो कधी आलाच नाही. आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. मोहल्ल्यातल्या एका दुकानात दोन टीव्ही आणि दोन डबे होते. तासाच्या हिशेबाने पैसे. ईदच्या दुपारी नवे कुर्ते घातलेल्या पोरांची तिथे रांग लागायची. कार्ट्रिजला आम्ही 'कॅसेट' म्हणायचो, आणि ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारायचो. फुंकरीतल्या ओलाव्याने धातूची टोके उलट गंजतात, हे फार उशिरा कळले. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजून थोडेच खेळ असायचे, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. बेरीज-वजाबाकीच्या बाहेरचा फसवणुकीचा हिशेब मी तिथे शिकलो.

मग चाचांनी कीबोर्डच्या आकाराचा व्हिडिओ गेम घरी आणला. आत तोच फॅमिकॉमचा नमुना, फक्त सोबत टायपिंग शिकवणारी एक कॅसेट. खोक्यावर कॉम्प्युटर लिहिले होते म्हणून दादीने परवानगी दिली. टायपिंग आम्ही दोन दिवस शिकलो. उरलेली सुट्टी काँट्रा.

नंतर खरे कॉम्प्युटर आले. एमएस-सीआयटीचे क्लास गावोगावी निघाले. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र हवे म्हणून मीही केले. क्लास सुटल्यावर त्याच कॉम्प्युटरवर रोड रॅश चालायचा. पुढे सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक आणि व्हाइस सिटी. भारनियमनाच्या दिवसांत लाइट गेली की अर्धा तास वाया, आणि पैसे परत मिळण्याची शाश्वती नाही. प्लेस्टेशन आमच्याकडे होते, पण बहुधा भाड्याच्या दुकानात किंवा आखातात नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी घरी. ते फक्त खेळण्यासाठी आहे, हे लपवता येत नव्हते. कॉम्प्युटरचे तसे नाही. त्याच्यासाठी वडील कर्जही काढत.

म्हणून कॉम्प्युटर कन्सोलला टक्कर देईल का, असे कुणी विचारले की मला गंमत वाटते. आमच्याकडे ती टक्कर कॉम्प्युटरने केव्हाच जिंकली होती. मग मोबाईलने दोघांनाही मागे टाकले.

कन्सोलचे खरे बळ वेगळे आहे. बटण दाबले की खेळ सुरू. यंत्र एकच असल्यामुळे खेळ बनवणाऱ्यालाही नेमके माहीत असते की आत काय आहे. वाल्व कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' नावाने टीव्हीजवळ ठेवायचे पीसी बाजारात आणले. ते फसले. बनवणाऱ्या कंपन्या अनेक, किमती अनेक, आणि त्यांच्या लिनक्सवर विंडोजचे बहुतेक खेळ चालत नव्हते. वाल्वने मग 'प्रोटॉन'वर काम केले. विंडोजसाठी लिहिलेला खेळ त्यामुळे लिनक्सवर चालतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला हातातला 'स्टीम डेक' चालला तो यामुळेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी स्टीम मशीनची पुन्हा घोषणा केली. त्याआधी महिनाभर असूससोबत एक्सबॉक्सचे नाव लावलेला हातातला पीसी आला, आणि त्याच्या आत विंडोज आहे. कन्सोलवालेच आता पीसी विकत आहेत.

आता पैशाचे. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. असूसचा आरओजी अॅलाय जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना. यंत्र म्हणून कन्सोल स्वस्त. पण त्याचे मोठे नवे खेळ पाच हजारांच्या आसपास जातात. पीसीवर मात्र सवलतीच्या दिवसांत जुने चांगले खेळ काही शे रुपयांत मिळतात. साठवलेल्या ईदीला हा फरक मोठा आहे. शिवाय पीसीवर प्रोजेक्टही लिहिता येतो.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, जो निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकलेलाच नव्हता. पीसीवर तो ऑक्टोबरमध्ये आला. पुण्यात बनलेला खेळ सांगलीच्या पोराने सरळ मार्गाने खेळायचा, तर ऑक्टोबरची वाट पाहावी लागली. भाच्याला हे माहीत नव्हते. त्याला राग आला, आणि तो मला आवडला.

एक अडचण मात्र नव्या यंत्राची आहे. हातातल्या पीसीला कीबोर्ड नाही. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला की तो पूर्ण कॉम्प्युटर होतो, पण आपाला तो व्हिडिओ गेमच दिसतो. तिला पटवायचे काम माझ्यावर आले आणि मला ते खोटे बोलून करायचे नव्हते. मी सांगितले, "आपा, हा खेळायलाच घेतोय. पैसे त्याचे आहेत." ती काही वेळ बोलली नाही.

शेवटी दोघांनी मिळून ठरवले: जुना, चांगल्या ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप, एक कंट्रोलर आणि टीव्हीला जोडायची एचडीएमआय वायर. निम्मे पैसे उरले. परवा त्याचा फोन आला, पंख्याचा आवाज फार येतो म्हणून. मी म्हटले, उघडून धूळ साफ कर, फुंकर मारू नकोस.