सैतानाचं व्हायोलिन आणि छत्तीस वर्षं रखडलेलं दफन: अफवा कशी वाचायची?

‘अफवेला पुरावा मानायचं का?’ संशोधनाला सुरुवात करताना हा प्रश्न बहुतेकांना पडतो. मलाही पडला होता. पहिल्या वर्षी तर अफवा दिसली की खोटी म्हणून बाजूला टाकायची, अशीच माझी पद्धत होती. ती का चुकीची होती, ते एका उदाहरणावरून बघू.

निकोलो पागानिनी. जन्म १७८२, जेनोवा. १८२८ मध्ये हा व्हायोलिनवादक व्हिएन्नात आला. शापित संगीताच्या भयकथा जर्मन वाचकांना तेव्हा नव्या नव्हत्या. हॉफमनची क्रेस्पेलची कथा १८१९ च्या संग्रहात आली होती: मुलगी गायली तर जीव जाईल, म्हणून बाप तिला गाऊच देत नाही. अशा काळात पागानिनी ‘चेटकिणी’ नावाची रचना वाजवत होता. एका श्रोत्याला म्हणे त्याच्या कोपराशी उभा राहून त्याचा हात चालवणारा सैतान दिसला! दुसरी अफवा अशी की प्रेयसीचा खून करून तो तुरुंगात गेला आणि तिथेच एका तारेवर वाजवायला शिकला.

हे आपल्याला कळतं कुठून? बरंचसं खुद्द पागानिनीकडूनच. १८३१ मध्ये पॅरिसच्या एका संगीतविषयक नियतकालिकात त्याने खुलाशाचं पत्र छापलं. तुरुंगात गेलेला वादक दुसराच कुणी होता, असं तो त्यात म्हणतो. आपण माणसाच्याच पोटी जन्मलो हे दाखवायला त्याला आईचं पत्रही प्रसिद्ध करावं लागलं होतं.

आता इथे जरा थांबा. हा खुलासाही जसाच्या तसा स्वीकारायचा नाही. तो लिहिला गेला तेव्हा पॅरिसमध्ये पागानिनीचे कार्यक्रम गाजत होते. म्हणजे अफवा खोडता खोडता ती पुन्हा हजारोंपर्यंत पोचत होती. त्यामुळे वादक खरोखर कसा होता, हे ही अफवा फारसं सांगत नाही. श्रोते काय ऐकायला आणि बघायला तयार होते, हे मात्र ती नेमकं सांगते. तिला त्या प्रश्नासाठी वापरायचं.

पण अफवेची किंमत कुणीतरी मोजतं, आणि तीही इतिहासात नोंदवावी लागते. पागानिनीचा बाप कडक होता. तो लहानपणी आपल्याकडून सक्तीने रियाज करून घ्यायचा, असं पागानिनीनेच सांगून ठेवलंय. स्वतः बाप झाल्यावर त्याने गायिका आंतोनिया बियांकीपासून झालेला मुलगा आकिले याला आपल्याजवळ ठेवलं, दौऱ्यांवर सोबत नेलं. २७ मे १८४० रोजी नीसमध्ये पागानिनी वारला, तेव्हा आकिले फक्त १४ वर्षांचा होता. तिथल्या बिशपने चर्चच्या विधीने दफन करायला नकार दिला. मृतदेह इकडून तिकडे हलवत राहावं लागलं. पार्माच्या दफनभूमीत बापाला जागा मिळाली ती १८७६ मध्ये. तोवर मुलगा पन्नाशीला पोचला होता.

‘सैतानाच्या अफवेमुळे दफन नाकारलं’ असं वाक्य लिहायचा मोह इथे होतो. लिहू नका. मरणापूर्वीचे धार्मिक संस्कार पागानिनीने घेतले नव्हते, आणि चर्चच्या नियमात ही गोष्ट गंभीर होती. अफवेने संशयाला बळ दिलं असेल, पण ती एकटीच कारण होती असं म्हणायला वेगळा पुरावा हवा. प्रबंधात ही दोन कारणं वेगवेगळी मांडायची.

तुमच्या विषयातली एखादी अफवा घ्या आणि वहीत तीन रकाने करा: ती कुणी सांगितली, कुणी खोडली, आणि कुणाला भोगावी लागली. तिसरा रकाना बहुधा रिकामाच राहतो. पागानिनीच्या बाबतीत तिथे आकिलेचं नाव येतं. ते लिहिल्याशिवाय त्या अफवेचा इतिहास पुरा होत नाही.