व्ही, एल, जे, आय : गुणसूत्रांच्या चार आकारांची कुळकथा

शाळेत गुणसूत्रांचे चार प्रकार शिकवतात. गुणसूत्रबिंदू मधोमध असला तर मध्यकेंद्री, जरा बाजूला सरकला तर उपमध्यकेंद्री, टोकाजवळ गेला तर अग्रकेंद्री आणि अगदी टोकालाच असला तर अंत्यकेंद्री. त्यांच्यापुढे व्ही, एल, जे, आय अशी अक्षरे लिहिली की विषय संपतो. या चार अक्षरांपर्यंत पोचायला माणसाला ऐंशीहून अधिक वर्षे लागली, आणि त्यांचा संबंध आजही कित्येक घरांतल्या सुखदुःखाशी येतो. म्हणून त्यांची कुळकथा सांगण्यासारखी आहे.

सुरुवात जर्मनीतल्या कील शहरात होते. तिथल्या विद्यापीठात वाल्थर फ्लेमिंग सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी पाहत होते. या पेशी मोठ्या असतात आणि त्या काळी नव्यानेच आलेले अ‍ॅनिलीनचे रंग त्यांच्या केंद्रकातील द्रव्य गडद रंगवत. पेशी विभागू लागली की या द्रव्याचे धागे जाड होतात, लांबीत चिरून दुहेरी होतात आणि त्यांचे अर्धे अर्धे भाग पेशीच्या दोन ध्रुवांकडे जातात, हे फ्लेमिंग यांनी पाहिले आणि १८८२ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. १८८८ मध्ये वाल्डायर यांनी या धाग्यांना ‘क्रोमोसोम’, म्हणजे आपले गुणसूत्र, हे नाव दिले.

आपली चार अक्षरे ध्रुवांकडच्या याच प्रवासात दिसतात. ध्रुवाकडे निघालेल्या गुणसूत्राचा एक बिंदू पुढे असतो आणि बाकीचा भाग मागे फरफटत येतो. दोरी मधोमध धरून ओढली तर दोन्ही बाजू सारख्या लोंबतात, टोकाला धरून ओढली तर सरळ काठीसारखी मागे येते. गुणसूत्राचेही तसेच. ओढ लागते ती गुणसूत्रबिंदूला, कारण ध्रुवाकडे खेचणारे तर्कुतंतू तिथेच जोडलेले असतात. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते आणि त्या दोन जुळ्या भागांना शेवटपर्यंत एकत्र धरणारी जागाही हीच. एका मानवी पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जाऊन या आखूड कांड्यांमध्ये मावतो. बिंदूच्या दोन बाजूंना दोन भुजा असतात आणि भुजांच्या टोकांना त्यांचे रक्षण करणारे अंत्यखंड.

माणसाच्या पेशीत हे आकार नीट पाहणे मात्र फार अवघड होते. ऊतीचे पातळ काप घेतले की गुणसूत्रे कापली जात, एकमेकांवर चढलेली दिसत. १९२३ मध्ये अमेरिकेतील पेंटर यांनी त्यांची संख्या ४८ ठरवली आणि पुढची तीस वर्षे तीच पाठ्यपुस्तकांत राहिली. दोन युक्त्यांनी ही कोंडी फोडली. १९५२ मध्ये टी. सी. शू यांनी दाखवून दिले की पेशी कमी क्षारांच्या द्रावणात ठेवल्या तर त्या फुगतात आणि गुणसूत्रे सुटी होतात. दुसरी युक्ती कोल्चिसिनची. आपल्याकडच्या कळलावीतही असणारे हे विषारी द्रव्य तर्कुतंतू तयार होऊ देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर थांबते आणि गुणसूत्रे सर्वांत आखूड, ठसठशीत अवस्थेत सापडतात.

स्वीडनमधील लुंडचे आल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम १९३८ मध्येच तपासला होता. वनस्पतींवर बसलेला हा हात त्यांनी आणि जावा बेटावर जन्मलेल्या जो हिन च्यो यांनी मानवी पेशींवर चालवला. डिसेंबर १९५५ मध्ये गर्भाच्या फुप्फुसातील पेशींत त्यांना पुन्हा पुन्हा ४६ गुणसूत्रे मोजता आली. १९५६ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि ४८ हा आकडा मागे पडला.

आता प्रत्येक गुणसूत्र सुटे दिसत होते, तेव्हा त्यांना ओळख देणे भाग होते. १९६० मध्ये डेन्व्हरच्या बैठकीत लांबी आणि गुणसूत्रबिंदूची जागा पाहून त्यांना १ ते २२ क्रमांक दिले गेले, लिंगगुणसूत्रे एक्स आणि वाय राहिली. प्रकारांची नावे प्रचारात होती, पण कोणता बिंदू ‘मध्याजवळ’ म्हणायचा आणि कोणता ‘टोकाजवळ’, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर होते. १९६४ मध्ये लेव्हान, फ्रेडगा आणि सँडबर्ग यांनी लांब भुजेला आखूड भुजेने भागून सीमा आखल्या. भागाकार १.७ पर्यंत आला तर बिंदू मध्याच्या टापूत, १.७ ते ३ उपमध्य, ३ ते ७ उपान्त्य म्हणजे टोकाजवळ आणि त्यापुढे अंत्य. शाळेतल्या चार नावांमागे अशी मोजपट्टी आली.

माणसात अंत्यकेंद्री गुणसूत्र नाही. १३, १४, १५, २१ आणि २२ ही अग्रकेंद्री आहेत, वायही त्यांच्यासारखेच. या पाच जोड्यांच्या आखूड भुजांवर रायबोसोमच्या आरएनएची जनुके असतात, आणि त्यांच्या प्रती पाचही ठिकाणी असल्याने एखाददुसरी आखूड भुजा गमावली तरी बिघडत नाही. म्हणूनच दोन अग्रकेंद्री गुणसूत्रे बिंदूपाशी जोडली जाऊन एकच मोठे गुणसूत्र झाले तरी माणूस धडधाकट राहतो. अशी जोडणी रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये नाकतोड्यांत ओळखली होती. साधारण हजारात एका माणसात ती असते आणि त्याची गुणसूत्रे ४५ भरतात. उत्क्रांतीत गुणसूत्रे जोडली जात किती पुढे जाऊ शकतात हे सह्याद्रीतल्या भेकराने दाखवले आहे : मादीत सहा, नरात सात, सस्तन प्राण्यांतली सर्वांत कमी संख्या. त्याच्या चिनी भाईबंदात मात्र ४६ आहेत.

अशी जोडणी असलेल्या माणसाला अडचण येते ती पुढच्या पिढीत. १४ आणि २१ जोडले गेलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून बाळाला २१चा जादा भाग मिळू शकतो. मग मोजणीत ४६ भरूनही बाळाला डाउन सिंड्रोम असतो. असे उदाहरण १९६० मध्ये लंडनमध्ये पोलानी आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. डाउन सिंड्रोमच्या दर शंभरांतील तीन-चार बाळांत कारण जोडणीचे असते. आई अशा जोडणीची वाहक असेल तर पुढच्या बाळाचा धोका साधारण दहा ते पंधरा टक्के, वडील वाहक असतील तर त्याहून बराच कमी. म्हणून अशा बाळानंतर आईवडिलांची कॅरिओटाइप चाचणी, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि आकार यांची तपासणी, करायला हवी, आणि ‘४५’ असा अहवाल हाती आला तर त्याचा अर्थ कुणीतरी शेजारी बसून समजावायला हवा : यात कुणाचा दोष नाही, वागण्यातली चूक नाही, अग्रकेंद्री गुणसूत्रांच्या रचनेतच ही शक्यता आहे.

वर्गात चार आकार शिकवताना शिक्षकांनी एवढे एक उदाहरण जरूर सांगावे. ज्या मुलाला अग्रकेंद्री म्हणजे काय ते कळले, तो मोठेपणी असा अहवाल हातात आला तर घाबरून जाणार नाही, आणि बाळाच्या आईला बोल लावणाऱ्यांना थांबवूही शकेल.