ढाक्याची शब्दमोजणी आणि मुक्ताईनगरचे प्रमाण

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मराठीचा तास संपल्यावर एक वही पुढे केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे मराठी अर्थ, सारे सुवाच्य अक्षरात. परदेशी शिकायला जाण्यासाठी तिला आयल्ट्सची परीक्षा द्यायची होती आणि ही तिच्यातील वाचनाच्या भागाची तयारी होती. तीनशेच्या वर शब्द पाठ झाले होते, सरावाच्या उताऱ्यांतले गुण मात्र हलत नव्हते. "सर, शब्द येतात, पण उतारा येत नाही," असे ती म्हणाली. या तक्रारीचा इतिहास शोधू गेले असता तो मुक्ताईनगरहून थेट ढाक्याला जाऊन पोहोचतो.

मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले इंग्रज शिक्षक. ढाक्यात काम करताना त्यांना जाणवले, की बंगाली मुले कित्येक वर्षे इंग्रजी शिकतात, त्यांतली बरीच मध्येच शाळा सोडतात आणि सोडताना त्यांच्या हाती काहीच उरत नाही. विमा मुदतीआधी मोडला तर जी रक्कम परत मिळते, तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्टनी नेमका हाच शब्द शिक्षणाला लावला. अर्धवट शिकलेले बोलणे फुकट जाते. थोडेसे का होईना, वाचता येऊ लागले तर ते मुलाजवळ राहते. 'बायलिंग्वलिझम' हा त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी वाचनमाला रचल्या. त्यांत दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले, नवा शब्द बेताबेताने आणला आणि आणला की पुन्हा पुन्हा भेटेल अशी व्यवस्था केली. सुमारे २,००० शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी १९५३ मध्ये आली. ही मोजणी मुख्यतः पुस्तक रचणाऱ्यासाठी होती. मुलाने गोष्ट वाचायची, शब्द मोजण्याचे काम रचनाकाराचे, असा तो विभाग होता. यादी मुलाच्याच हाती देऊन 'पाठ कर' म्हणणे ही नंतरची कर्तबगारी.

विद्यार्थिनीच्या वहीतली यादी या परंपरेतली पुढची पायरी. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला, वेस्ट यांचे २,००० शब्द वगळले आणि शास्त्रीय लेखनात सर्वत्र भेटणारी ५७० शब्दकुळे २००० साली प्रसिद्ध केली. अशा लेखनातला सुमारे दहा टक्के मजकूर या कुळांनी व्यापलेला असतो. कथा-कादंबऱ्यांत हेच प्रमाण जेमतेम १.४ टक्के. आम्हा साहित्याच्या माणसांना हा आकडा झोंबतो. 'भरपूर कादंबऱ्या वाच, इंग्रजी आपोआप येईल' हा आमचा पिढीजात सल्ला निदान या परीक्षेपुरता लंगडा ठरतो.

पण वहीचा खरा घोटाळा डावीकडे नव्हताच. 'हायपॉथिसिस'समोर तिने 'गृहीतक' लिहिले होते, 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट'समोर 'अमूर्त'. गृहीतक म्हणजे काय, असे विचारल्यावर ती गप्प झाली. घरी लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलीला तोही पुस्तकातच भेटलेला शब्द. एका अनोळखी शब्दाला दुसरा अनोळखी शब्द बांधून तिने ते जोडपे पाठ केले होते!

या उजव्या रकान्यालाही इतिहास आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्यांनी आरंभिलेला आणि थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. पहिला कोश इथल्या बोलण्यातून शब्द वेचत निघाला होता. दुसऱ्याची अडचण उलटी होती. इंग्रजी शब्द आधी समोर उभा आणि त्याच्यासाठी मराठीत जागा करायची. शास्त्रीय मराठीचा बराचसा संसार पुढे या दुसऱ्या वाटेने, बहुधा संस्कृतचा हात धरून थाटला गेला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर निघालेल्या परिभाषा कोशांनीही तीच वाट रुंद केली. त्या कोशकारांची टिंगल करण्यात आम्हाला रस नाही. त्यांच्यावाचून आज आम्हाला वर्गात तोंड उघडता आले नसते. तरी हे शब्द इंग्रजी येणाऱ्यांनी इंग्रजी शब्दांसाठी घडवले, आणि इंग्रजी न येणाऱ्याला तेच शब्द इंग्रजीची शिडी म्हणून दिले जातात. शिडीची खालची पायरीच हवेत आहे.

मग जमिनीवर काय आहे? मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. शेजारीच कोथळीला मुक्ताईचे मंदिर, तिथूनच पालखी पंढरीला निघते. इथल्या मुलाने काही वाचले नसले तरी कीर्तन ऐकलेले असते. कीर्तनकार सिद्धांत मांडतो, दृष्टांत देतो, शंका स्वतःच उपस्थित करून तिचे निरसन करतो आणि 'याला प्रमाण' म्हणून अभंग म्हणतो. कॉक्सहेडच्या यादीतले 'प्रिन्सिपल', 'इलस्ट्रेट', 'कॉन्ट्ररी', 'कन्क्लूड' हे सारे त्या मंडपात हजर असतात, फक्त वेगळ्या वेषात. हा मेळ फार ताणू मात्र नये. कीर्तनातले प्रमाण हे संतवचनाचे. ते वादापलीकडचे असते. 'एव्हिडन्स' तपासता येतो, खोडता येतो. म्हणून कीर्तनातले प्रमाण यादीतल्याच 'अथॉरिटी'ला अधिक जवळचे. हा फरक विद्यार्थिनीला सांगितला तेव्हा दोन्ही शब्द तिला एकदमच कळले. वहीत त्यांचे अर्थ महिनाभर आधीपासून लिहिलेले होते.

आयल्ट्सच्या वाचनात तीन दीर्घ उतारे, चाळीस प्रश्न आणि एक तास असतो. त्यातला एक प्रश्नप्रकार मुलांना हमखास पाडतो: विधान बरोबर, चूक, की उताऱ्यात त्याबद्दल काही सांगितलेलेच नाही? तिसऱ्या पर्यायाच्या जागी मुले 'चूक' लिहून मोकळी होतात. 'तसे नाही असे म्हटले आहे' आणि 'तसे म्हटलेले नाही' या दोन मराठी वाक्यांतला भेद ज्याला चटकन दिसतो, तो तिथे अडत नाही. हा भेद पाचशे सत्तर शब्दांच्या यादीत कुठेच नाही.

आता त्या वहीत तिसरा रकाना आला आहे. त्यात अर्थ लिहायचा नाही. तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, आणि तेथे लेखक काय करतो आहे, मांडतो, मानतो, खोडतो की नुसता उदाहरण देतो, हे घरच्या बोलीत लिहायचे. दिवसाला पाच-सहा शब्दच होतात, आणि परीक्षा जवळ आली आहे म्हणून ती कुरकुरते. 'ऑल्बीट'पाशी तर दोन दिवस गेले. शेवटी तिने आजीच्या बोलण्यातले एक वाक्य तिथे लिहून आणले आणि आम्हालाच त्याचा अर्थ विचारावा लागला.