टॅलिनमध्ये काय पाहावं, हे कोणी ठरवलं?

१७०० सालच्या नोव्हेंबरमध्ये नार्वाच्या लढाईत स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या रशियन फौजेचा धुव्वा उडवला. त्या फौजेचा सेनापती ड्यूक शार्ल युजेन द क्रॉय शत्रूच्या हाती लागला. त्याला रेव्हालमध्ये, म्हणजे आज एस्टोनियाची राजधानी असलेल्या टॅलिनमध्ये, नजरकैदेत ठेवण्यात आलं. कैदेतही त्याचा सरदारी थाट सुटला नाही. उधारीवर मेजवान्या झडत राहिल्या आणि १७०२ मध्ये तो वारला तेव्हा गावभर देणी थकली होती. सावकारांनी जुन्या कायद्यावर बोट ठेवलं आणि कर्ज फिटल्याशिवाय दफन होऊ द्यायचं नाही, असा हट्ट धरला. प्रेत निगुलिस्ते चर्चमध्ये तसंच पडून राहिलं आणि कुजण्याऐवजी सुकून गेलं. एकोणिसाव्या शतकात उंची वस्त्रांतला हा वाळलेला ड्यूक पाहायला दूरदूरचे प्रवासी येऊ लागले. दाखवणाऱ्याच्या हातावर नाणं ठेवलं की दर्शन व्हायचं. त्याला मूठमाती मिळायला १८९७ साल उजाडलं.

बाल्टिक किनाऱ्यावरच्या या शहराचं पहिलं गाजलेलं ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून या ड्यूकचंच नाव घ्यावं लागेल. आज त्या यादीत त्याचा मागमूस नाही. टॅलिनचे दगड सहाशे वर्षं जवळपास त्याच जागी आहेत, पण पाहुण्याला काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे दर राजवटीत नव्याने ठरत आलं. शहर पाहण्याचा हा इतिहास शहराच्या इतिहासाइतकाच वाचण्यासारखा आहे.

मूळ मांडणी डॅनिश आणि जर्मन लोकांची. १२१९ मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा व्हाल्डेमार याने इथली एस्टोनियन टेकडी जिंकली. याच लढाईत डेन्मार्कचा लाल-पांढरा ध्वज आकाशातून खाली पडला, अशी दंतकथा डॅनिश लोक अजूनही सांगतात. १२४८ मध्ये शहराला ल्यूबेकचा नगरकायदा मिळाला आणि पुढे व्यापाऱ्यांच्या हान्सा संघात त्याचा शिरकाव झाला. पश्चिमेकडून मीठ आणि कापड यायचं, तर पूर्वेकडून नोव्हगोरोडच्या वाटेने कातडी आणि मेण यायचं. मधल्या दलालीवर रेव्हालचे व्यापारी गब्बर झाले. १३४३ मध्ये एस्टोनियन शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला. तो चिरडला गेला, पण डॅनिश राजाला हा दूरचा मुलूख डोईजड वाटू लागला. १३४६ मध्ये त्याने १९,००० मार्क चांदीला तो ट्यूटॉनिक सरदारांच्या पंथाला विकून टाकला. ज्यांची ही भूमी, त्या एस्टोनियन लोकांना या व्यवहारात कोणी विचारलं नाही.

शहराचे दोन भाग होते आणि ते एकमेकांकडे संशयाने पाहत. टूम्पेआ टेकडीवर सरदार, बिशप आणि राज्यकर्त्यांचे अधिकारी राहायचे. खाली व्यापारी आणि कारागीर. बालेकिल्ला आणि पेठ अशी ही विभागणी मराठी वाचकाला नवी नाही. मात्र इथे पेठेने बालेकिल्ल्याविरुद्धच भिंत घातली. ‘आखूड पाय’ नावाच्या पायऱ्यांच्या बोळाच्या तोंडाशी पंधराव्या शतकात दरवाजाचा बुरूज उभा राहिला आणि रात्री वर-खाली जाण्याची वाट बंद होऊ लागली. दोन्ही भागांचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वेगळाच राहिला. आज पर्यटक त्या दरवाजात उभे राहून फोटो काढतात, तेव्हा एका शहराने स्वतःलाच घातलेल्या कुंपणात ते उभे असतात.

खालच्या शहरातलं नगरभवन १४०४ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या मनोऱ्यावर १५३० पासून ‘म्हातारा टोमास’ हा शिपायाच्या वेशातला वातकुक्कुट फिरत असे; आज तिथे त्याची प्रतिकृती आहे. सेंट ओलाफ चर्चचा मनोरा एके काळी जगातला सर्वांत उंच होता, असं शहर अभिमानाने सांगतं. त्याच्या जुन्या उंचीबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण विजा पडून तो पुन्हापुन्हा जळाला हे निश्चित. आजची त्याची उंची सुमारे १२४ मीटर भरते.

हे सगळं टिकलं कसं? जपणूक हे त्याचं पहिलं कारण नव्हे. हान्साचा व्यापार बसला, १५६१ मध्ये शहर स्वीडनकडे गेलं आणि १७१० मध्ये प्लेगने माणसं किडामुंगीसारखी मरत असताना ते रशियाच्या झारला शरण गेलं. श्रीमंत शहरं जुने वाडे पाडून नवे बांधतात. रेव्हालकडे त्यासाठी पैसाच उरला नाही. स्थानिक चुनखडीच्या जाड भिंतींची घरं पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी करून वापरली गेली. १८५७ मध्ये शहर लष्करी किल्ल्यांच्या यादीतून वगळण्यात आलं. मग तटाबाहेरच्या बुरुजांवर आणि खंदकांवर बागा फुलल्या, वाहतुकीसाठी काही वेशी पाडल्या गेल्या. तरीही तटबंदीचा जवळजवळ दोन किलोमीटरचा भाग आणि वीसहून अधिक बुरूज आज उभे आहेत. बाल्टिक परिसरात एवढी मध्ययुगीन तटबंदी टिकलेली शहरं फार थोडी.

याच शतकात हवापालट करणारे पाहुणे आले. पीटर द ग्रेटने १७१८ मध्ये कॅथरीन राणीसाठी काद्रिओर्गचा राजवाडा बांधायला घेतला होता. त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावर पुढे समुद्रस्नानासाठी सेंट पीटर्सबर्गहून बड्या घरची मंडळी उतरू लागली. इंग्रज लेखिका एलिझाबेथ रिग्बी बहिणीकडे इथे राहून गेली आणि १८४१ मध्ये तिच्या पत्रांचं पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. १८७० मध्ये रेल्वे आली आणि झारच्या राजधानीहून इथे येणं अगदी सोपं झालं. या प्रवाशांना दिसायचं ते जर्मन भाषेतलं रेव्हाल: गिल्डांची सभागृहं, सरदारांच्या कुलचिन्हांनी भरलेलं टेकडीवरचं डोम चर्च, आणि नगरभवनासमोरचं औषधाचं दुकान.

हे दुकान मुद्दाम थांबून पाहावं असं आहे. १४२२ च्या नोंदीत ते आढळतं आणि आजही तिथे औषधं मिळतात. १५८२ पासून तीनशेहून अधिक वर्षं ते बुर्खार्ट या एकाच घराण्याकडे होतं. थोरल्या मुलाचं नाव योहान ठेवायचं आणि त्याने गल्ल्यावर बसायचं, असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालला. जुन्या काळी इथे जाळलेल्या मधमाश्या, वटवाघळाची पूड, इजिप्तच्या ममीची भुकटी असल्या गोष्टी औषध म्हणून विकल्या जायच्या. त्याच गल्ल्यावर मसाल्याची दारू आणि बदामाची मिठाईही मिळे. या घराण्यातल्या आठव्या योहानने १८०२ मध्ये जुन्यापुराण्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. शहराचा भूतकाळ लोकांना दाखवण्याची वस्तू आहे, हे ओळखणाऱ्या इथल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते.

पण चुनखडीच्या खाणीत राबणारे, ओझी वाहणारे, घरकाम करणारे एस्टोनियन लोक या यादीत कुठे होते? त्यांची खूण पाहायची तर नगरभवनाजवळच्या छोट्या, पांढऱ्या होली स्पिरिट चर्चमध्ये जावं लागतं. धर्मसुधारणेनंतर इथे एस्टोनियन भाषेत प्रवचनं होऊ लागली. इथल्याच योहान कोएल या पाद्रीने एस्टोनियनमध्ये उतरवलेली प्रश्नोत्तरी १५३५ मध्ये छापली गेली. जुन्या पुस्तकाच्या बांधणीत दडलेली तिची काही पानं १९२९ मध्ये हाती लागली, आणि एस्टोनियनमधल्या छापील पुस्तकाचा तो सर्वांत जुना उपलब्ध अवशेष ठरला. सरदारांची कुलचिन्हं टेकडीवर दिमाखात टांगलेली, आणि ज्यांच्या भाषेत आज देश चालतो त्यांचा वारसा मात्र पुठ्ठ्याला खळ लावून चिकटवलेला! माझ्या मते टॅलिनच्या भेटीत हे चर्च सर्वांत आधी पाहायला हवं.

झारशाहीने आपलीही निशाणी ठळकपणे रोवली. १८९४ ते १९०० या काळात टूम्पेआवर, राज्यकारभाराच्या किल्ल्याच्या अगदी समोर, अलेक्झांडर नेव्हस्की कॅथीड्रल उभं राहिलं. त्याचे कांद्यासारखे घुमट शहराच्या कुठूनही नजरेस पडावेत हाच हेतू होता. १९१८ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाल्यावर ते पाडून टाकावं अशी मागणी जोरात होती. ते वाचलं, आणि आज टेकडीवर सर्वांत जास्त कॅमेरे त्याच्यावरच रोखलेले असतात.

९ मार्च १९४४ च्या रात्री सोव्हिएत विमानांनी जर्मनांच्या ताब्यातल्या टॅलिनवर बॉम्ब टाकले. शेकडो नागरिक मेले आणि सुमारे वीस हजार बेघर झाले. एस्टोनिया नाट्यगृह जळालं, नगरभवनाच्या मनोऱ्याचं शिखर कोसळलं, हार्यू रस्त्याची एक बाजू जमीनदोस्त झाली. निगुलिस्ते चर्चही पेटलं. १५२४ मध्ये मूर्तिभंजक जमाव शहरातल्या चर्चवर चालून गेला, तेव्हा या चर्चच्या कारभाऱ्याने कुलपांत वितळलेलं शिसं ओतून ते वाचवलं होतं, असं सांगतात. या वेळी मात्र बचावल्या त्या आधीच हलवलेल्या कलाकृती. त्यांतलं बेर्न्ट नोटके याचं ‘मृत्यूचं नृत्य’ हे चित्र आज त्याच वास्तूत आहे. साडेसात मीटर लांबीचा हा तुकडा म्हणजे मूळ चित्राचा एक अंश. हाडांचे सापळे पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल आणि राजा यांना हाताला धरून नाचायला ओढताहेत, आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे हान्साच्या काळातलं शहर आणि शिवारं पसरली आहेत.

सोव्हिएत सत्तेला युद्धानंतर हे ‘जर्मन’ शहर अडचणीचं वाटायला हवं होतं. घडलं वेगळंच. १९६६ मध्ये टॅलिनचं जुनं शहर संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. सोव्हिएत संघात असं पहिल्यांदाच होत होतं. यामागे स्थानिक वास्तुतज्ज्ञांचा चिवट आग्रह होता, तसाच परकीय चलनाचा हिशेबही. आखातापलीकडचं हेलसिंकी जेमतेम ८० किलोमीटरवर. १९६५ मध्ये दोन्ही बंदरांमध्ये बोट पुन्हा सुरू झाली आणि फिन्निश पर्यटकांची रीघ लागली. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये फिन्निश कंपनीनेच विरू हॉटेल बांधलं.

लिफ्टमध्ये बावीस मजल्यांची बटणं होती. इमारतीला मजले तेवीस होते. तेविसाव्या मजल्यावर केजीबीचं रेडिओ यंत्र बसवलेलं होतं आणि दारावर ‘इथे काहीही नाही’ अशी पाटी लावलेली. काही ठरावीक खोल्यांत ध्वनिग्राहक होते, आणि ज्यांच्यावर कान ठेवायचा ते परदेशी पाहुणे नेमके त्याच खोल्यांत उतरवले जायचे. पर्यटकाने शहर पाहावं, आणि सरकारने पर्यटकाला. १९९१ मध्ये हेर गाशा गुंडाळून गेले, तुटकी यंत्रं मागे राहिली. २०११ मध्ये त्याच मजल्यावर संग्रहालय उघडलं, आणि जे दडवलं होतं त्याचंच तिकीट लागलं.

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या शिडांच्या होड्यांच्या शर्यती टॅलिनला झाल्या. त्यानिमित्त ३१४ मीटर उंच दूरदर्शन मनोरा उभा राहिला, पोलंडचे जीर्णोद्धारतज्ज्ञ जुन्या घरांच्या कामाला लागले, आणि बंदराशेजारी काँक्रीटचं अवाढव्य सभागृह बांधलं गेलं. चार हजारांहून अधिक श्रोते मावणारं हे लिन्नाहॉल वास्तुकार राइने कार्प याने मुद्दाम बसकं ठेवलं, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्याच्या नजरेआड जुन्या शहराचे मनोरे जाऊ नयेत.

२३ ऑगस्ट १९८९ रोजी टूम्पेआच्या उंच हर्मन बुरुजापासून व्हिल्नियसपर्यंत सुमारे वीस लाख माणसं सोव्हिएत सत्तेच्या निषेधार्थ हातात हात घालून उभी राहिली. दोन वर्षांनी एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला आणि १९९७ मध्ये जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. आता क्रूझची मोठी जहाजं येतात, मध्ययुगीन वेशातले वाढपी पाहुण्यांना हाका मारतात, अंबरची दुकानं ओळीने लागली आहेत. हान्सा व्यापाऱ्यांचं टॅलिन पुन्हा पुढे आलं, कारण ते विकलं जातं. मध्ये गेलेली दोनशे वर्षांची झारशाही आणि अर्ध्या शतकाचा सोव्हिएत काळ एका दुपारच्या फेरफटक्यात उरकला जातो.

लिन्नाहॉल मात्र कुठल्याच यादीत नीट बसत नाही. ते संरक्षित वास्तू आहे, तरीही मोठं सभागृह २०१० च्या सुमारास बंद झालं. पायऱ्या खचताहेत, भिंतींवर रंगाचे फवारे आहेत. हॉलिवूडच्या ‘टेनेट’ चित्रपटात याच इमारतीने कीव्हच्या ऑपेरागृहाची भूमिका केली.  दुरुस्त करायचं तर खर्च अफाट, पाडायचं तर कायदा आडवा आणि लोकांच्या भावनांतही दोन तट पडलेले. ड्यूकचं प्रेत, झारचं कॅथीड्रल आणि केजीबीचा मजला यांच्याबद्दल या शहराने आपापल्या वेळी निर्णय घेतले. या काँक्रीटबद्दलचा निर्णय मात्र अजून टेबलावर आहे. टॅलिनला जाणाऱ्याने नगरभवनाच्या चौकातून बंदराकडे पंधरा मिनिटं चालत यावं आणि हा वाद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.