घरच्या घरी सुगंधी मेणबत्ती : विदर्भाच्या उन्हात कोणतं मेण टिकतं?

रील्समध्ये सुगंधी मेणबत्ती मिनिटभरात तयार होते. सोया वॅक्स वितळवा, सुगंध घाला, ग्लासात ओता, झालं! बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदमध्ये मे महिन्यात हीच कृती केली तर मेणबत्ती मऊ पडते आणि सुगंधी तेल घामासारखं वर येतं. चूक करणाऱ्याची नसते, मेणाची निवड चुकलेली असते.

सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं सोयाबीन तेल. वनस्पती तूप बनतं, साधारण तसंच. ग्लासात ओतायचं सोया वॅक्स 45 ते 54 अंश सेल्सिअसला वितळतं. विदर्भात मे महिन्यात पारा 44 च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत किंवा कुरिअरच्या गाडीत त्याहूनही वर. बाजारातलं पॅराफिन 58 ते 60 अंशांना, मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. म्हणून उन्हाळ्यात सोया वॅक्समध्ये थोडं मधमाश्यांचं मेण मिसळावं, नाहीतर सरळ पॅराफिन घ्यावं.

गंमत म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यात सोयाबीनही पिकतं आणि कापूसही, म्हणजे मेण आणि वात दोन्हींचा कच्चा माल शिवारातच आहे. तयार मेण मात्र ऑनलाइन मागवावं लागतं. (पत्त्यात ‘जामोद’ लिहायचं राहिलं, तर पार्सल खानदेशातल्या जळगावला जायचं.)

कृती आणि माप

200 मिलीलीटरच्या ग्लासाला साधारण 180 ग्रॅम मेण लागतं. सुगंधी तेल मेणाच्या 6 ते 8 टक्के, म्हणजे 11 ते 14 ग्रॅम. जास्त घातल्याने वास वाढत नाही, उलट तेल सुटतं. मेण थेट गॅसवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचं भांडं ठेवावं. मेण 75 अंशांच्या आसपास आलं की गॅस बंद करून तेल घालावं, दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळावं आणि 60 च्या जवळ आल्यावर ओतावं. स्वयंपाकाचा थर्मामीटर इथे खरंच कामाला येतो.

देवघरातली वात इथे चालत नाही. मेणबत्तीला विणलेली, मेणात बुडवलेली वात लागते. गुलाबपाणी किंवा खायचा रंगही नको, दोन्ही मेणात मिसळत नाहीत. स्प्रेच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, ते गरम मेणात घालणं सरळसरळ धोक्याचं. सोया मेणबत्ती आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवली, तर वास चांगला येतो.

आगीचं काय?

मेण पेटलं तर पाणी अजिबात टाकू नये, भडका उडतो. गॅस बंद करून भांड्यावर झाकण ठेवावं. केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तर घरी करायच्याच नाहीत, कारण त्यात शोभेची दारू असते. 8 डिसेंबर 2023 रोजी पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवडे इथे अशा मेणबत्त्या बनवताना लागलेल्या आगीत त्याच दिवशी सहा जणींचा मृत्यू झाला. नंतर हा आकडा वाढत गेला.

विक्री

महाराष्ट्रातलं या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे महाबळेश्वरचं ‘सनराइज कँडल्स’. दृष्टी गमावलेल्या भावेश भाटिया यांनी मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्ती बनवायचं शिक्षण घेतलं आणि हातगाडीवरून विक्री सुरू केली. आज तिथे अनेक अंध कामगार काम करतात. अर्थात, महाबळेश्वरची थंड हवा जळगाव जामोदला नाही. इथल्या घरगुती विक्रेत्याने माल दिवाळी आणि लग्नसराईच्या थंड महिन्यांत काढावा आणि पहिली मेणबत्ती विकण्याआधी एक दिवसभर गच्चीवर, सावलीत ठेवून पाहावी.