गाविलगडावरील गोधन

पूर्णेच्या खोऱ्यातील कपाशीच्या काळ्याभोर शिवारातून उत्तरेकडे पाहिले असता अचलपूर-अकोटच्या पाठीशी जी निळसर भिंत उभी दिसते, ती सातपुड्याची गाविलगड नावाची रांग होय. तिचा दक्षिणेकडील कडा मैदानावर एकाएकी तुटलेला, तर उत्तरेकडील मेळघाट साग-बांबूंच्या रानांतून तापीकडे सावकाश उतरत गेलेला. सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या याच उतारावरून तापीस मिळतात, आणि त्यांच्या डोहांत उन्हाळ्यातही पाणी टिकते. जिथे पाणी आणि गवत आहे, तिथे म्हैस आहे आणि तिच्यामागे गवळी आहे.

या डोंगराचा इतिहास लिहिणारे बहुधा गाविलगडच्या किल्ल्यापाशीच थांबतात. १४२५-२६ च्या सुमारास अहमदशहा वली बहामनीने बांधलेले तट, इमादशाहीचे वैभव, ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत गाविल व नरनाळा यांची झालेली नोंद, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने गड घेतल्यावर दोनच दिवसांत नागपूरच्या रघूजी भोसल्यांना करावा लागलेला देवगावचा तह, एवढ्यात त्यांचे कथन संपते. तथापि गडाने गवळ्यांचेच नाव धारण केले आहे, आणि बहामनी तटापूर्वी येथे गवळ्यांची मातीची गढी होती, अशी लोकपरंपरा सांगते. ही परंपरा एकाकी नाही. तापीपलीकडच्या असीरगडाचा मूळ धनी आसा अहीर नावाचा गोधनसंपन्न पुरुष होता, असे इतिहासकार फेरिश्तानेही लिहून ठेवले आहे. माझ्या मते या कथांचे मर्म असे की माथ्यावरील पाणी व कुरण ज्याच्या हाती, त्याच्याशी सलोखा केल्यावाचून कोणत्याही राजास गडावर शिबंदी पोसता येत नसे.

सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या आसपास आजही गवळ्यांची वस्ती आहे. घाट उतरून जाईतो दूध नासावे, म्हणून ते कढईत आटवून त्याचा खवा करावयाचा आणि तो खाली बाजारात न्यावयाचा, ही या डोंगराची खरी अर्थव्यवस्था होय.

गवळ्यांहून निराळे थाट्या लोक. गोंडांपैकी असलेले हे गुराखी कोरकू आदिवासींच्या गावांतील ढोरे वर्षभर राखतात, आणि दिवाळीनंतर मेळघाटात जे आठवडी बाजार भरतात, त्यांत पायी घुंगरू बांधून, बासरीच्या सुरावर नाचत दुकानोदुकानी बक्षिसी मागतात. या बाजारांना घुंगरू बाजार म्हणतात. रानात एकट्याने केलेल्या वर्षभराच्या राखणीची भर बाजारात, वाजतगाजत दखल घेतली जाते, यात मला फार मोठी सामाजिक सभ्यता दिसते.

एकोणिसाव्या शतकात या जीवनावर दोन्ही बाजूंनी दाब आला. निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव भडकले, आगगाडी आली, आणि मैदानातील पडीक जमीन व गायराने नांगराखाली जाऊ लागली. खालचे कुरण असे आकसत असतानाच वरचे रान सरकारने राखीव करण्यास आरंभ केला, आणि जी चराई पिढ्यानपिढ्यांची वहिवाट होती, ती परवान्याची आणि फीची बाब झाली. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. वाघाचे रक्षण आवश्यकच होते, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु त्या रक्षणासाठी या शतकाच्या प्रारंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे डोंगरातून उठून अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूस आली, तेव्हा माणसांबरोबर त्यांच्या गुरांच्या वाटाही सुटल्या, याची नोंद कोणत्या दप्तरात शोधावी?

वनखात्याच्या नकाशात कंपार्टमेंटचे क्रमांक सापडतात, पण कोणत्या डोहावर वैशाखात म्हशी बसत, कोणत्या घाटवाटेने खवा परतवाड्यास जाई, कोणते गवत दुभत्या जनावरास मानवते, हे ज्ञान वृद्ध गवळ्यांच्या आणि थाट्यांच्या स्मरणातच आहे. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुटीत मेळघाटात धाडावे, आणि हे सारे त्या वृद्धांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.